मोरा बंदरावर साबण हवा, आणि जुलाबाची पगारी सुट्टीही

१. ओहोटी लागली की उरणच्या मोरा बंदरात गाळामुळे लाँच रखडतात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे निघालेले प्रवासी ताटकळतात आणि वडापावच्या गाडीकडे वळतात. वडा उकळत्या तेलातून येतो, त्याची चिंता नाही. पण त्यानंतर तोच हात सुट्टे पैसे घेतो, पाव चिरतो, ओली चटणी लावतो. इथे आच कुठेच नाही. गाडीवाल्याला गुन्हेगार ठरवायला मी हे लिहीत नाही. त्याच्या हाताशी नळ आहे का, एवढंच विचारतो आहे.

२. न धुतलेल्या हातावरून पसरणारा एक आजार म्हणजे टायफॉईड. तो साल्मोनेला टायफी या जंतूमुळे होतो. बऱ्या झालेल्यांपैकी साधारण १ ते ५ टक्के लोकांच्या पित्ताशयात हा जंतू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि शौचावाटे बाहेर पडत राहतो. माणूस मात्र ठणठणीत. अशा माणसाला वाहक म्हणतात.

३. अन्न परवान्याचे २०११ चे नियम अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी मागतात, आतड्याच्या तापांवरची लसही मागतात. पण डोळे आणि कातडी पाहून वाहक सापडत नाही. रक्ताच्या विडाल चाचणीवरही त्यासाठी विसंबता येत नाही. मलाचं कल्चर लागतं, तेही अनेकदा, कारण जंतू रोज पडत नाहीत. सरसकट नेमाने तपासण्या करून फारसं साधत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८९ मध्येच सांगितलं. म्हणून ज्याला नुकताच टायफॉईड होऊन गेला त्याचं, किंवा जिथे खाऊन अनेक जण आजारी पडले तिथल्यांचंच कल्चर करा, आणि ते सरकारी खर्चाने करा.

४. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉईडच्या नव्या लशीची मोहीम काढली आणि लाखाहून अधिक मुलांना लस टोचली. मोठी कामगिरी होती ती. पण मोरा उरण तालुक्यात, म्हणजे महापालिकेच्या हद्दीबाहेर, आणि गाडीवर काम करणारे मुलांच्या वयाचे नाहीत. ही लस वाहकाला बरं करत नाही. मात्र आजारच टळला, तर नवा वाहक घडण्याची शक्यताही घटते.

५. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती. १९०७ मध्ये तिला बेटावर कोंडलं, १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं. धुण्याच्या कामात पैसे कमी मिळत. तिने नाव बदलून पुन्हा चूल धरली आणि १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात २५ जणांना टायफॉईड झाला. पुन्हा कोंडलेली मेरी १९३८ मध्ये त्याच बेटावर वारली. तिच्यावर बंदी घातली, पण पोटापुरतं दुसरं काम दिलं नाही. आपल्याकडे रोजंदारीवरचा पोऱ्या जुलाब लागले तरी कामावर येतो, कारण खाडा म्हणजे मजुरी बुडाली. त्याला दटावून जंतू थांबणार नाही.

६. मागण्या तीनच. बंदर सांभाळणाऱ्या मेरीटाईम बोर्डाने धक्क्यावर वाहतं पाणी, साबण आणि चालू शौचालय ठेवावं. अन्न व औषध प्रशासनाने पाहणीत आधी साबण बघावा, मग भिंतीवरचा दाखला. आणि जुलाब झालेल्या कामगाराला, ते थांबल्यावरही दोन दिवस, मजुरी न कापता घरी बसवावं. छोट्या गाडीवाल्याला हा भार झेपणार नाही, तेव्हा तो स्थानिक संस्थेने उचलावा.