बिनपावतीची देणगी



‘लाडक्या बहिणींनी महाराष्ट्र बुडवला’ हे वाक्य २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपासून मी दोह्यात इतक्या वेळा ऐकले आहे की ‘आज उकाडा फार आहे’ हेसुद्धा तितक्या वेळा ऐकले नसेल. ऐकवणारे सगळे आपलेच. इंजिनिअर, डॉक्टर, बँकेतले, तेल-वायू कंपन्यांतले. म्हणणे असे की टॅक्स आम्ही भरायचा आणि पुढाऱ्यांनी तो बायकांना वाटून मते विकत घ्यायची. या म्हणण्यातला एक भाग खरा आहे, एक खोटा आहे, आणि तिसरा भाग कोणी काढतच नाही. माझे भांडण त्या तिसऱ्या भागाविषयी आहे.

मी फरीज बिन ओमरानमध्ये राहतो, हमद हॉस्पिटलच्या बाजूला. पेशाने क्वांटिटी सर्व्हेअर. कामात किती सिमेंट गेले, किती सळई गेली, ठेकेदाराच्या बिलातला कुठला आकडा फुगलेला आहे, हे बघण्याचा पगार मिळतो. राजकारणाचा अभ्यासक नाही, कुठल्याही पक्षाचा सभासद नाही. बिल वाचायची सवय आहे, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

आधी खरा भाग. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी ही योजना आणली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलांना महिना १,५०० रुपये, वर्षाचा अंदाजे खर्च ४६,००० कोटी. पहिले हप्ते ऑगस्टमध्ये, रक्षाबंधनाच्या तोंडावर. मतदान २० नोव्हेंबरला. प्रचारात महायुतीने २,१०० रुपये कबूल केले, तर महाविकास आघाडीने ३,०००. म्हणजे लिलावात दोन्ही बाजू सामील होत्या. निवडणूक झाली आणि मग पडताळणी सुरू झाली. जून २०२५ पासून सुमारे २६ लाख ३४ हजार खात्यांचा लाभ थांबवण्यात आला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २,१०० ची तरतूद झालीच नाही. बिल आधी चुकते केले आणि माप नंतर घेतले! माझ्या धंद्यात असे करणाऱ्याला नारळ मिळतो. तेव्हा योजनेच्या वेळेवर आणि पद्धतीवर टीका करणाऱ्यांशी माझे भांडण नाही.

खोटा भाग आहे ‘आमचा टॅक्स’ हा. मंडळी, कतारमध्ये पगारावर आयकर नाही. अनिवासी म्हणून इथल्या पगारावर भारतातही आपण आयकर भरत नाही. उलट राधानगरी किंवा गगनबावड्याची जी बाई १,५०० रुपये घेते, ती साबणाच्या वडीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर जीएसटी भरते. मग कोण कोणाच्या जिवावर? १,५०० रुपये म्हणजे इथले साठ-पासष्ट रियाल. आपल्यातल्या दोघांचे एका संध्याकाळचे बाहेरचे जेवण. तिच्यासाठी ते औषध आहे, मुलीच्या वह्या आहेत, आणि नवऱ्यापुढे हात न पसरता स्वतःच्या खात्यातून काढलेले पैसे आहेत. तिने मत विकले असे म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शेतकऱ्याची कर्जमाफी बघून किंवा कारखानदाराची करसवलत बघून मत देणाऱ्याला आपण कधी विकाऊ म्हणतो का?

आता तिसरा भाग.

२०१७ च्या वित्त विधेयकातून निवडणूक रोखे आले. कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळू नये, हा त्या योजनेचा गाभा होता. त्याच वेळी कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मग स्टेट बँकेकडून माहिती बाहेर काढावी लागली. एप्रिल २०१९ पासूनच्या पाचेक वर्षांत भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूलला सुमारे १,६०० कोटी, काँग्रेसला सुमारे १,४२० कोटी. सर्वांत मोठी खरेदीदार कोण? लॉटरीच्या धंद्यातली एक कंपनी, १,३६८ कोटी! डावे पक्ष सोडले तर यावर तोंड उघडायला फार कमी जण मोकळे होते, कारण बहुतेकांच्या पानात काही ना काही वाढलेले होते.

कोणी म्हणेल, ४६,००० कोटींपुढे हे सहा हजार कोटी ते काय! फरक असा आहे की ४६,००० कोटींचा आकडा विधिमंडळात मांडला गेला. त्यावर चर्चा झाली, तुम्ही-आम्ही शिव्या देऊ शकलो. रोख्यांचा आकडा कोर्टाला खेचून काढावा लागला. आणि बाईला दिलेले १,५०० रुपये किराणा दुकानात संपतात. कंपनीने दिलेले शंभर कोटी संपत नसतात, ते कंत्राटात, जमिनीत, सवलतीत परतावा शोधत फिरतात. बिल वाचणाऱ्या माणसाला भीती वाटते ती या दुसऱ्या प्रकारच्या पैशाची.

खर्चाची बाजू बघा. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाखांची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. शून्य. दाराला कुलूप आणि मागची भिंतच नाही, असे हे घर आहे. २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात रोकड, दारू, मौल्यवान धातू, वाटपाच्या वस्तू मिळून सुमारे ६६० कोटींचा माल पकडला गेला. २०१९ ला हाच आकडा सुमारे १०३ कोटी होता. हा फक्त पकडलेला.

आणखी एक गंमत ऐका. २०१४ साली दिल्ली हायकोर्टाने भाजप आणि काँग्रेस दोघांनाही परकीय देणग्यांच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल दोषी धरले. मग २०१६ आणि २०१८ च्या वित्त विधेयकांतून कायदाच बदलला, तोही पार १९७६ पासून मागे जाऊन. स्वयंसेवी संस्थांसाठी मात्र २०२० मध्ये तोच कायदा आणखी आवळला. आपल्यातल्या ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांनी गावच्या एखाद्या संस्थेला चार पैसे पाठवून बघावेत. पक्षासाठी महाद्वार आणि शाळेसाठी सुईचे छिद्र, हा अनुभव येईल.

आता विचार करा. ज्या पक्षांच्या डोक्यावर एवढ्या देणगीदारांचे उपकार आहेत, ते मतदारापुढे हिशेब घेऊन कसे जाणार? कांद्याचा भाव, भरती न झालेल्या जागा, बंद पडत चाललेली झेडपीची शाळा, यांवर बोलायचे तर कोणाची तरी नाराजी ओढवते. त्यापेक्षा एक माल स्वस्त आहे. शेजाऱ्याची भीती. तिला छपाई लागत नाही, सभा लागत नाही, परवानगी लागत नाही. सामाजिक तेढ हा निवडणूक खर्चातला सर्वांत स्वस्त माल आहे, आणि त्याची नोंद कुठल्याच खर्चाच्या तक्त्यात होत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. ज्या शहरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, मुसलमान मुलांसाठी वसतिगृह उभे केले, त्या शहरात ७ जून २०२३ रोजी मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. पुढच्या वर्षी जुलैत विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरे फोडली गेली. १७ मार्च २०२५ ला नागपूर पेटले, तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाच्या कबरीवरून. तिकडे अंतरवाली सराटीतल्या १ सप्टेंबर २०२३ च्या लाठीमारानंतर मराठा आणि ओबीसी एकाच गावात एकमेकांच्या दुकानातून माल घ्यावा की नाही, याचा विचार करू लागले. दोघांच्याही पोरांना नोकरी नाही, हे दोघांनाही कोणी सांगत नाही.

आणि यात आपण कुठे? मंडळी, आपण देणगीदार आहोत. दोह्यातून, दुबईतून, न्यू जर्सीतून रात्री जेवण झाल्यावर जो फॉरवर्ड गावाकडच्या ग्रुपवर जातो, ती देणगी आहे. रोख्याची गरज नाही, पावती नाही, आयोगाला हिशेब नाही. परदेशातल्या शिकलेल्या माणसाने पाठवले म्हटल्यावर गावात त्याला वजन येते, ते वेगळेच. ‘आरक्षणामुळे देश सोडावा लागला’ असे लिहिणाऱ्या कित्येकांचे शिक्षण सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात नाममात्र फीवर झालेले असते. ते अनुदान कोणाच्या खिशातून आले? त्या साबण विकत घेणाऱ्या बाईच्याच ना?

दगड पडतो तेव्हा फॉरवर्ड करणारा तिथे नसतो. त्याच्या मुलाचे नाव एफआयआरमध्ये येत नाही. तो सकाळी उठून ऑफिसात आपल्या मुसलमान मॅनेजरला अदबीने ‘सलाम आलेकुम’ म्हणतो. बिन ओमरानमध्ये आमच्या इमारतीत मलबारी आहेत, लाहोरचे आहेत, ढाक्याचे आहेत, आणि जिन्यात सगळे एकमेकांना वाट देतात. इथे जे सौजन्य नोकरीच्या आणि कायद्याच्या धाकाने जमते, ते इचलकरंजीत स्वतःच्या मनाने का जमू नये?

५ जून २०२२ आठवतो ना? भाजपच्या तेव्हाच्या राष्ट्रीय प्रवक्त्या नूपुर शर्मा यांच्या वक्तव्यावरून कतारने आपल्या राजदूतांना बोलावून घेतले. उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू तेव्हा दोह्यातच होते. त्याच दिवशी पक्षाने त्यांना निलंबित केले. वक्तव्य मे महिन्याच्या अखेरचे. मुंबईत गुन्हा दाखल होऊन आठवडा झाला होता, कानपुरात दंगल होऊन गेली होती. आपल्याच नागरिकांची तक्रार इतके दिवस ऐकू आली नाही आणि परक्या राजधानीतली लगेच ऐकू आली, हा मला भारतीय म्हणून झालेला अपमान वाटतो. तुम्हाला?

‘इथली शिस्त बघा, लोकशाहीने काय दिले?’ असे म्हणणारेही भेटतात. त्यांनी एवढेच बघावे. इथे पक्ष नाहीत. शूरा कौन्सिलची पहिली निवडणूक २०२१ साली झाली आणि ५ नोव्हेंबर २०२४ च्या सार्वमताने ती पद्धत बंद झाली. तो इथल्या नागरिकांचा प्रश्न, आपण पाहुणे. पण बरोबर पंधरा दिवसांनी महाराष्ट्रात मतदान होते आणि तो प्रश्न आपला होता. आपल्यातले किती जण गेले?

२०२४ च्या लोकसभेला परदेशस्थ मतदार म्हणून सुमारे १ लाख १९ हजार भारतीयांची नोंद होती. मत दिले २,९५८ जणांनी. त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. म्हणजे बाकीच्या अख्ख्या देशातून २८८! महाराष्ट्र विधानसभेत आमदार तेवढे आहेत.

तिकीट महाग आहे, रजा मिळत नाही, मान्य. परदेशातून मत देण्याची सोय व्हावी ही मागणी रास्त आहे आणि ती लावून धरली पाहिजे. पण तोपर्यंत हातात काहीच नाही असे कोणी म्हणू नये. १९९९ साली अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी एक संस्था काढली आणि कोर्टात गेले. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे आज आपल्याला वाचता येतात ते त्यामुळे. रोख्यांविरुद्धही तीच संस्था उभी होती. पगारदार, शिकलेली, आपल्यासारखीच माणसे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या पैशांतला सर्वांत मोठा वाटा, साडेवीस टक्के, महाराष्ट्रात आला. आपल्या शब्दाला किंमत आहे. ती कशावर खर्च करायची, हा प्रश्न आहे.

माझ्या मागण्या तीन. पक्षांच्या निवडणूक खर्चाला कायद्याने कमाल मर्यादा हवी. वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव जाहीर न करण्याची सवलत बंद व्हावी. आणि आचारसंहितेआधीच्या सहा महिन्यांत थेट पैसे वाटणारी नवी योजना आणू नये. आणायचीच तर पडताळणी आधी, वाटप नंतर. इथे किंवा तिकडे जो पुढारी आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला शाल-श्रीफळ घ्यायला येईल, त्याला हे तीन प्रश्न जाहीरपणे विचारू या. उत्तर नसेल तर शाल आपल्याकडेच राहू द्यावी.

चौथी गोष्ट मागणी नाही. ती आपल्या अंगठ्याची आहे. पुढचा फॉरवर्ड पाठवण्याआधी एवढेच विचारा की ही देणगी कोणाच्या खात्यात जमा होणार आणि बिल कुठल्या गल्लीतला पोरगा भरणार.

मतभेद असतील तर जरूर लिहा. शिव्या चालतील, आकडे असतील तर अधिक चांगले.

आपला,
एक बिन ओमरानकर