एक घाव, दोन तुकडे

तुमच्या ऑफिसात एक असा प्राणी असतोच बघा. ते एक जुनं, किचकट मॉड्यूल फक्त त्यालाच कळतं. तो रजेवर गेला की टीमची पळापळ. त्याच्या डोक्यातलं कागदावर काही उतरत नाही, कारण उतरलं तर मग त्याची गरज काय?

तर मंडळी, तो प्राणी म्हणजे मी.

त्याच जोरावर २०१८ मध्ये ऑनसाइट मिळालं. डोळ्यांसमोर न्यूयॉर्क होतं, पण जाऊन पडलो मेरीलँड राज्यातल्या फ्रेडरिकमध्ये. पुण्याहून आमचा ज्युनियर रोज पिंग करायचा, ‘सर, केटी कधी देताय?’ मी द्यायचो, पण निम्मी. मधल्या दोन स्टेप्स हमखास ‘राहून जायच्या’.

क्लायंटच्या ऑफिसात एक साठी उलटलेले गृहस्थ होते. तिथे सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, मी मनातल्या मनात ‘काका’ म्हणायचो. एका शुक्रवारी काका म्हणाले, ‘उद्या घरी ये. सुऱ्या दाखवतो.’

सुऱ्या? आपल्याकडे सुरी म्हणजे मंडईत मिळणारी, प्लॅस्टिकच्या मुठीची. बोथट झाली की कपाच्या बुडावर घासायची, विषय संपला! पण शनिवारी खिचडी लावण्यापलीकडे काही काम नव्हतं. गेलो.

काकांनी तळघरातलं कपाट उघडलं. आत हिरव्या कापडावर चार सुऱ्या. मेपलच्या लाकडाची मूठ, तिच्यात चांदीची तार ठोकून बसवलेली नाजूक वेलबुट्टी आणि पात्यावर चक्क पाण्यासारखे तरंग! मी बोट पुढे केलं तर काका ओरडलेच, ‘पात्याला नको! घामाने गंज धरतो.’

‘बिल मोरन,’ काका म्हणाले. आपल्याकडे गवई मंडळी कानाच्या पाळीला हात लावून गुरूंचं नाव घेतात ना, अगदी तसं.

हा मोरन जन्मला १९२५ मध्ये, इथेच, फ्रेडरिक परगण्यात. बापाचा दुधाचा धंदा. पोरगं मात्र लहानपणापासून गोठ्यापेक्षा भट्टीत रमलेलं. पुढे तो असा नावाजला की त्याच्या सुरीसाठी वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट लागली. काकांनी ऑर्डर दिली तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं; सुरी हातात आली तेव्हा मुलगी पहिलीत होती.

‘मधे कॅन्सल करावीशी नाही वाटली?’

‘करून जाणार कोणाकडे?’

खरी गंमत त्या तरंगांची. याला म्हणतात दमास्कस. दोन वेगळ्या जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, भट्टीत पांढऱ्या होईपर्यंत तापवायच्या, टाकणखार घालून घणाने ठोकून एकजीव करायच्या. लांबवायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. पाच थरांपासून सुरुवात केली तर सहा वेळा दुमडल्यावर ३२० थर होतात. शेवटी पातं आम्लात बुडवलं की दोन्ही पोलादं वेगवेगळी काळवंडतात आणि नक्षी वर येते. वरून काही काढलेलं नसतं. जे आहे ते आतलंच. (जुन्या जगातलं नावाजलेलं दमास्कस मात्र वेगळं. त्याचं ‘वुट्झ’ पोलाद आपल्याच दक्षिणेत आणि तेलंगणात मुशीत शिजायचं. ती विद्याही एकोणिसाव्या शतकात लोप पावली.)

थर ठोकायची ही कला अमेरिकेत जवळपास विसरली गेली होती. मोरनने स्वतः खटपट करून ती पुन्हा जमवली आणि १९७३ मध्ये सुरीकारांच्या एका प्रदर्शनात आपल्या दमास्कस सुऱ्या मांडल्या. बघणारे चाटच पडले. आता विचार करा, तुमच्या हाती असं गुपित लागलं असतं तर काय केलं असतंत? मी तर कुलूप लावून किल्ली गिळली असती.

मोरनने त्याच प्रदर्शनात ही सुरी कशी करायची याची माहितीपुस्तिका वाटली! १९७६ मध्ये चार जणांनी मिळून अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी काढली, त्यातला तो एक. १९८८ मध्ये सोसायटीची शाळा सुरू झाली अर्कान्सासमधल्या वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावात.

त्या गावाचीही एक आख्यायिका आहे. तिथे जेम्स ब्लॅक नावाचा लोहार होता. प्रसिद्ध बोवी सुरी त्यानेच घडवली असं तिथले लोक सांगतात. तो म्हणे पडद्याआड काम करायचा, पोलादाला पाणी कसं देतो ते कुणाला दिसू नये म्हणून. म्हातारपणी, आंधळा झाल्यावर, ज्यांनी सांभाळलं त्या घरातल्या मुलाला त्याने गुपित सांगायला बोलावलं. कागद-लेखणी तयार. आणि ब्लॅकला काही म्हणजे काही आठवेना...

काका हे सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी ती न लिहिलेली फाइल.

कपाटाच्या कोपऱ्यात पाचवी सुरी होती. बेढब, मूठ वाकडी. ‘ही कोणाची?’

‘माझी. त्या शाळेत जाऊन केली.’ चार मोरन दाखवताना नव्हते तेवढे काका आता लाजत होते आणि तेवढेच खूशही दिसत होते. सोसायटीची परीक्षा द्यायचं धाडस त्यांना झालं नाही. परीक्षा म्हणजे आपण घडवलेल्या एकाच पात्याने लोंबता, एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग लाकडाच्या जाड फळीचे दोनदा तुकडे करायचे. त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी ते पातं वाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवायचं, मोडता कामा नये. म्हणजे जीव ओतून केलेली सुरी पास व्हायला वाकडी करायची! गुपितं सांगून टाकणाऱ्या लोकांचीच ही परीक्षा, पण कणभरही सोपी नाही.

निघताना काकांनी स्वतः केलेली एक छोटी सुरी हातात ठेवली आणि हात पुढे केला. ‘एक नाणं दे. सुरी फुकट दिली तर मैत्री तुटते.’ खिशात पुण्याहून आलेला एक रुपया होता. तो दिला.

मोरन २००६ मध्ये गेला. त्याने केलेल्या सुऱ्या मोजक्या. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे आहेत. पण तरंगांची पाती आज जगभर कितीतरी भट्ट्यांत घडतात. कपाट त्याचं नाही राहिलं, विद्या राहिली.

सोमवारी मी फाइल उघडली. ‘राहून गेलेल्या’ स्टेप्ससकट सगळं लिहिलं आणि पाठवायच्या बटणावर तीन वेळा बोट नेऊन मागे घेतलं. खोटं कशाला बोलू, पोटात गोळा होता. मग म्हटलं, एक घाव, दोन तुकडे. पाठवलं.

पुढच्या वर्षी ऑनसाइटला कोण गेलं असेल? बरोबर, ज्युनियर! मी पुण्यात राहिलो आणि नवं मॉड्यूल पहिल्यापासून शिकत बसलो. जळफळाट झाला का? झाला की, चांगला महिनाभर.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं, ‘सर, तिकडे बघण्यासारखं काय आहे?’

मी काकांचा नंबर दिला. आणि बजावलं, ‘खिशात एक रुपया ठेव.’