बिअर कोणती, हे ठरवतो कोण?

ग्राहक सार्वभौम असतो, असे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत सांगितलेले असते. तो बाजारात येतो, वस्तू पारखतो, किंमत विचारतो आणि खिशातला रुपया ज्या वस्तूवर ठेवतो तिच्या बाजूने जणू मत देतो. उत्पादकांनी हे मत शिरोधार्य मानावे, अशी अपेक्षा असते. या सिद्धांताची परीक्षा घ्यावयाची झाल्यास ती महाराष्ट्रातल्या एखाद्या साध्या परमिट रूममध्ये घ्यावी. संध्याकाळी तेथे येऊन बसलेला ग्राहक बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो 'थंड काय आहे?' असा. वेटर दोन-तीन नावे सांगतो, ग्राहक त्यांतले एक उच्चारतो, 'स्ट्राँग की माइल्ड' एवढा एक उपप्रश्न होतो आणि निवडीचा विधी आटोपतो. त्या दोन-तीन नावांची यादी कोणी तयार केली, हे विचारण्याचे त्याला काही कारण नसते. बाजारपेठेचा आणि करपद्धतीचा विचार करणाऱ्यांना मात्र ते विचारावेच लागेल.

अमुक एका बिअरची चवच वेगळी, असे प्रत्येक पिणारा छातीठोकपणे सांगतो. या दाव्याची तपासणी अमेरिकेत १९६४ सालीच झालेली आहे. राल्फ ॲलिसन आणि केनेथ उल या संशोधकांनी ३२६ बिअर पिणाऱ्यांना आधी लेबले काढलेल्या आणि नंतर लेबले लावलेल्या बाटल्या दिल्या. लेबल नव्हते तेव्हा या मंडळींना निरनिराळ्या बिअरमधला फरक सांगता आला नाही. आपली नेहमीची बिअरही त्यांना वेगळी लागली नाही. लेबल लागताच गुण वाढले, आणि ज्याच्या त्याच्या आवडत्या नावाला ते अधिक मिळाले. पुढे २००० साली डॅन ॲरिएली आणि जोनाथन लेव्हाव्ह यांनी नॉर्थ कॅरोलायनातील एका मद्यगृहात आणखी एक गमतीची गोष्ट दाखवून दिली. एका टेबलावरचे लोक मोठ्याने सांगून बिअर मागवत, तेव्हा प्रत्येकजण आधीच्यापेक्षा वेगळे नाव घेई. कागदावर गुपचूप लिहून मागवत, तेव्हा निवडी पुष्कळशा सारख्या निघत. मोठ्याने सांगणाऱ्यांत पहिला सोडला तर बाकीचे आपल्या निवडीवर कमी खूश होते. अशाच प्रयोगात हाँगकाँगमध्ये उलटा कल दिसला. तेथे लोक एकमेकांच्या मागे गेले, समाधान मात्र तेथेही घटले. ज्या टेबलावर बिल देणाऱ्या थोरल्याचा शब्द अखेरचा असतो आणि ६५० मिलिलिटरची एक बाटली दोन-तीन ग्लासांत वाटली जाते, ते टेबल यांपैकी कोणत्या शहराला जवळचे, हे सांगावयास नको.

चव ओळखता येत नसेल तर नावाला महत्त्व येते, आणि नाव लोकांच्या मनात ठसवण्यासाठी जाहिरात लागते. भारतात दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीला २००० सालापासून बंदी आहे. या बंदीचा हेतू चांगला होता. तथापि तिचा परिणाम असा झाला की ज्या कंपन्यांकडे आधीच नाव आणि पैसा होता, त्यांनी तेच नाव सोड्याला, पाण्याच्या बाटलीला, दिनदर्शिकेला लावले. किंगफिशरने तर २००५ साली ते विमानांवर चढवले. ती हवाई कंपनी २०१२ साली जमिनीवर आली, बँकांची हजारो कोटींची कर्जे बुडाली, तिचे मालक परदेशी निघून गेले, आणि बिअरच्या कंपनीचा ताबा २०२१ साली हाइनेकेन या डच कंपनीकडे गेला. बाटलीवरचा खंड्या पक्षी मात्र होता तेथेच आहे. नव्या उत्पादकाला विमान उडवणे परवडत नाही आणि सरळ जाहिरात करण्याची परवानगी नाही. बंदी सर्वांना सारखीच लागू असली, तरी तिचा भार नवागतावर अधिक पडतो.

परंतु नाव ठाऊक असूनही बाटली शीतपेटीत असेलच असे नाही. मद्य हा विषय घटनेने राज्यांकडे सोपवला आहे आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हाही पिण्याचे मद्य त्यातून बाहेरच ठेवले गेले. परिणामी बिअरची भारतीय बाजारपेठ अशी एक वस्तू नाही. जितकी राज्ये तितक्या बाजारपेठा आहेत. प्रत्येक राज्यात लेबलाची नोंदणी वेगळी, शुल्क वेगळे, परवाने वेगळे. 'बिरा ९१' ही २०१५ साली बाजारात आलेली बिअर शहरी तरुणांत लोकप्रिय झाली होती. तिच्या कंपनीने भागविक्रीच्या तयारीत आपल्या नावातून 'प्रायव्हेट' हा एक शब्द काढून टाकला. राज्यांच्या अबकारी खात्यांच्या लेखी त्यामुळे ही नवी कंपनी ठरली. लेबले नव्याने नोंदवण्यात काही महिने गेले, त्या काळात विक्री खोळंबली आणि सुमारे ८० कोटी रुपयांचा माल निकालात काढावा लागला. ग्राहकाने तिच्याविरुद्ध मत दिले नव्हते. त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

दक्षिणेत ही गोष्ट अधिक उघड दिसते. तामिळनाडूत २००३ सालापासून किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या हाती आहे. तेलंगणात सर्व माल सरकारी महामंडळ विकत घेते आणि मग दुकानांना देते. जानेवारी २०२५ मध्ये युनायटेड ब्रुअरीजने थकलेली देणी आणि वर्षानुवर्षे न वाढलेला दर यांचे कारण देऊन तेथील पुरवठाच थांबवला. काही दिवसांनी तो सुरू झाला आणि पुढच्या महिन्यात दरवाढ मंजूर झाली. आंध्र प्रदेशात २०१९ ते २०२४ या काळात दुकानेच सरकारने चालवली, तेव्हा परिचित नावे मिळत नाहीत ही तक्रार इतकी सार्वत्रिक झाली की तो निवडणुकीतला विषय बनला. ग्राहकाला मतपेटीतून बिअर निवडावी लागण्याचा हा प्रकार पाठ्यपुस्तकांत बसत नाही.

महाराष्ट्रात असे महामंडळ नाही. येथे ठोक विक्रेते खासगी, परमिट रूम आणि बिअर शॉपी खासगी. तेव्हा निदान येथे तरी स्पर्धा असेल, असे वाटणे स्वाभाविक होते. हा समज भारतीय स्पर्धा आयोगाच्या २४ सप्टेंबर २०२१ च्या निर्णयाने मोडीत निघाला. बाजारपेठेतल्या तीन बड्या कंपन्यांनी २००९ ते २०१८ या काळात संगनमत केले होते, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. दर ठरवताना आपसांत बोलणी करण्याचे प्रकार अनेक राज्यांत आढळले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्याखेरीज आणखी दोन गोष्टी आल्या: पुरवठा संगनमताने रोखणे आणि बाजारपेठ आपसांत वाटून घेणे. युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग इंडिया आणि उत्पादकांची संघटना यांना मिळून सुमारे ८७३ कोटी रुपयांचा दंड झाला. तिसऱ्या कंपनीला, म्हणजे एबी इनबेव्हला, दंड झाला नाही. कारण सॅबमिलर ही कंपनी विकत घेतल्यावर तिच्या दप्तरात हा व्यवहार सापडला आणि नव्या मालकाने स्वतःहून आयोगाचे दार ठोठावले. डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा निर्णय कायम केला. प्रकरण त्यापुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

या प्रकरणाचा एक पैलू विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. अनेक राज्यांत कंपनीचा दर सरकारच्या मान्यतेशिवाय बदलत नाही. त्यामुळे सरकारपुढे एकट्याने जाण्यापेक्षा एकजुटीने जावे, असा मोह कंपन्यांना होतो. हा मोह गैर आहेच. पण तो उत्पन्न करणारी व्यवस्था सरकारांनीच उभी केलेली आहे. ज्या वस्तूच्या किमतीचा मोठा हिस्सा कराचा असतो, तिच्यात उत्पादकाने दोन रुपये जादा लावले तर ग्राहकाला ते दिसत नाहीत. तो सगळा दोष 'टॅक्स'ला देऊन मोकळा होतो. नऊ वर्षे चाललेली ही लबाडी एकाही पिणाऱ्याच्या लक्षात आली नाही. ती उघडकीस यायला कंपनीचे मालक बदलावे लागले.

आता तो उपप्रश्न, स्ट्राँग की माइल्ड. भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरपैकी फार मोठा भाग स्ट्राँग असतो. लोकांना कडक चव आवडते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. हिशेब करून पाहिला तर वेगळे दिसते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली साधी बिअर आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. ६५० मिलिलिटरच्या साध्या बाटलीत फार तर ३२.५ मिलिलिटर अल्कोहोल असते. स्ट्राँगमध्ये ५२ पर्यंत. मद्यांश दीडपटीहून अधिक, आणि दुकानातल्या किमतीतला फरक त्या मानाने किरकोळ. महाराष्ट्रात ५ टक्क्यांवरील बिअरला शुल्काचा दर जास्त आहे हे खरे. पण ती एकच पायरी आहे. ती एकदा ओलांडली की ५.५ टक्के काय आणि ८ टक्के काय, दर तोच. मग ५.५ टक्क्यांची बिअर कोणी कशाला करील? हमाली करून आलेल्या माणसाने या बाजारपेठेत स्ट्राँग मागावी, हा त्याच्या दृष्टीने चोख हिशेब आहे. तो हिशेब त्याने केला असला तरी आकडे राज्याने घालून दिलेले आहेत.

घटनेच्या ४७ व्या कलमाने मद्यपानास आळा घालण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अद्याप लागू आहे. 'परमिट' हा शब्द त्यातूनच आला. एकीकडे हा वारसा आणि दुसरीकडे गल्ला, अशी राज्याची दुहेरी भूमिका आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बिअरवरील शुल्काचा फेरविचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला, तेव्हा चिंता महसुलाची होती. शुल्क वाढवल्याने बिअरची विक्री घटते आणि मद्यांशाच्या मानाने बिअर महाग पडत असल्याने ग्राहक कडक मद्याकडे वळतो, असे उद्योगाचे म्हणणे होते. या युक्तिवादात तथ्य आहे. १८० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या बाटलीत सुमारे ७७ मिलिलिटर अल्कोहोल असते, आणि एवढ्यासाठी स्ट्राँग बिअरची दीड बाटली लागते. पण युक्तिवाद मद्यांशाचा असेल तर तो बिअर आणि व्हिस्की यांच्यापुरता का थांबावा? साध्या आणि स्ट्राँग बिअरलाही तो लावला पाहिजे. तेथे मात्र उद्योग गप्प राहतो, कारण त्याचा धंदा स्ट्राँगवर उभा आहे.

ब्रिटनने १ ऑगस्ट २०२३ पासून सर्व मद्यांवरील शुल्क मद्यांशाच्या तीव्रतेशी जोडले. असे येथे करण्यास प्रशासकीय अडचण फारशी नाही. प्रत्येक लेबलावर मद्यांश छापलेला असतो आणि देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरच्या, म्हणजे मद्यांशाच्याच, मापाने आकारले जाते. गरिबाच्या दारूला जे माप लावता येते ते बिअरला लावता येणार नाही, असे म्हणणे कठीण आहे. त्याच्या जोडीला बाटलीच्या कमाल किमतीत उत्पादकाचे किती, विक्रेत्याचे किती आणि सरकारचे किती, हे छापणे सक्तीचे केले, तर पुढचे संगनमत हुडकण्यासाठी कंपनीची मालकी बदलण्याची वाट पाहावी लागणार नाही.

जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क उत्पादनमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि देशी दारूवरील शुल्कही वाढवले. बिअरला हात लावला नाही. त्यामुळे व्हिस्की सोडून काही ग्राहक बिअरकडे येतील, हे उघड आहे. कदाचित सरकारला तेच हवेही असेल. हे लोक मद्यांशाचा हिशेब करूनच व्हिस्कीकडे गेलेले होते. ५ टक्क्यांची ती एकच पायरी तशीच ठेवून त्यांना बिअरकडे आणले, तर शीतपेटीतली माइल्डची जागा आणखी कमी होईल.