चालत्या यंत्रावर नजर ठेवा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून आपल्याकडे बोलणं चालतं ते जमिनीचं, रस्त्यांचं आणि नोकऱ्यांचं. ते व्हायलाच हवं. पण या वेधशाळेकडून शेतकऱ्याला, दुकानदाराला आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांना आजच घेता येईल अशी एक गोष्ट आहे: चालू असलेल्या यंत्राची खातरजमा कशी करायची.

तिचं यंत्र म्हणजे काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतून धावणारा लेसर आणि टोकांना आरसे. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींमुळे या लांबीत जो फरक पडतो तो प्रोटॉनहूनही शेकडो पटींनी लहान असतो. एवढं नाजूक यंत्र वाऱ्याने, रेल्वेने, भूकंपानेही हलतं. आपल्या पांगरा शिंदे भागाला जमिनीतून येणारे आवाज नवे नाहीत, आणि २०२४ साली मार्चमध्ये व जुलैमध्ये जिल्ह्याने ४.५ तीव्रतेचे धक्के अनुभवले. मग यंत्र हललं ते आभाळामुळे की जमिनीमुळे, हे ओळखायचं कसं?

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशी दोन यंत्रं आहेत, एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर. आभाळातला संकेत दोन्हीकडे उमटतो, जवळपासचा धक्का एकाच ठिकाणी. मुख्य यंत्राभोवती भूकंपमापक, मायक्रोफोन, चुंबकीय क्षेत्र मोजणारी साधनं अशी हजारो उपकरणं सतत नोंद घेत असतात. हॅनफर्डच्या नोंदींत २०१७ साली विचित्र खडखड दिसू लागली. शोध घेतल्यावर कळलं की थंड नळीवर साचलेला बर्फ डोमकावळे चोचीने टोचत होते. मायक्रोफोन लावलेला होता म्हणून ते सापडलं.

याहून मोठी गोष्ट २०१० सालची. त्या सप्टेंबरमध्ये एक जोरदार संकेत आला. शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने तपासणी केली, शोधनिबंध लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्ये एक बंद पाकीट उघडलं तेव्हा समजलं की तो संकेत मोजक्या लोकांनी मुद्दाम यंत्रात सोडला होता. यंत्र आणि माणसं खरोखर जागी आहेत का, याची ती परीक्षा होती. स्वतःच्याच कामावर अशी परीक्षा लादून घेणं मला फार मोलाचं वाटतं.

पाहणाऱ्या यंत्रावरही पाहणारा लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा संकेत आला. नेमक्या त्याच वेळी लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात खडखड झाली आणि स्वयंचलित व्यवस्थेने तिथली नोंद बाजूला टाकली. हॅनफर्डच्या नोंदीवरून माणसांनी लिव्हिंग्स्टनची नोंद पुन्हा उघडून पाहिली. खडखडीखाली संकेत स्पष्ट होता.

असं पाहणारं कुणी नसलं की काय होतं, तेही सांगायला हवं. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरान इथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारं क्षेपणास्त्र अडवता आलं नाही. २८ सैनिक मेले. यंत्रणा १०० तासांहून जास्त वेळ सलग चालू होती. तिच्या घड्याळात दर क्षणाला अगदी बारीक चूक साचत होती आणि तोवर ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली होती. सुरू केल्या केल्या तपासली असती तर ती बिनचूकच दिसली असती. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी तिथे पोचला.

आता आपल्या बाजाराकडे या. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून गोण्या हिंगोलीच्या किंवा वसमतच्या यार्डात जातात आणि वर्षभराच्या कष्टाचा हिशेब काट्यावरच्या आकड्यावर ठरतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी आणि मुद्रांकन करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याचं प्रमाणपत्र समोर लावलेलं असायला हवं. ते वाचा, तारीख बघा. पण तो शिक्का त्या दिवसापुरतं सांगतो. त्यानंतर धूळ, पाणी, गोण्यांचे धक्के सुरूच असतात.

म्हणून निघण्यापूर्वी एक गोणी खात्रीच्या काट्यावर मोजून तिच्यावर खूण करा. बाजारात ती सगळ्यांत आधी मोजा आणि माल संपल्यावर शेवटी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे खात्रीच्या काट्यावरच्या वजनाशी जुळले तर मधला माल बहुधा नीट मोजला गेला. प्रत्येक गोणी उतरल्यावर आकडा शून्यावर येतो का, तेवढं पाहा. जमलं तर एकदा गोणी पाट्याच्या मध्यावर आणि एकदा कोपऱ्यावर ठेवा. फरक पडला तर मोजणी थांबवायला सांगा, वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे तक्रार करा. यात मापाड्यावर संशय घेण्यासारखं काही नाही. काटा बिघडला तर नुकसान व्यापाऱ्याचंही होऊ शकतं, आणि चांगला व्यापारी या तपासणीला नाही म्हणणार नाही.

घरचं वीजमीटरही असंच. ठरलेल्या वारी रीडिंगचा फोटो काढून ठेवा. घरातला सगळा वापर बंद केल्यावरही मीटरचा दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंग तपासून घ्या आणि महावितरणकडे मीटर तपासणीचा अर्ज द्या. बिल आल्यावर भांडण्यापेक्षा हातात तारीखवार नोंद असलेली बरी.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलामुलींना मात्र माझं वेगळं सांगणं आहे. पतसंस्थेचा हिशेब असो की पाणीपुरवठ्याचा पंप, प्रोग्रॅम देण्याआधी तपासता तेवढ्यावर थांबू नका. त्याच्या शेजारी एक छोटा प्रोग्रॅम जागल्यासारखा बसवा. जे कधीही घडता कामा नये ते त्याला स्पष्ट सांगा: जमा आणि खर्च यांचा मेळ तुटता कामा नये, टाकी भरल्यावर पंप चालू राहता कामा नये. नियम मोडला की त्याने वेळ नोंदवावी आणि माणसाला कळवावं. हा जागल्या मुख्य प्रोग्रॅमच्या आकड्यांवर विसंबला तर उपयोग नाही, टाकीची पातळी त्याने स्वतःच्या सेन्सरवरून घ्यावी. आणि अधूनमधून मुद्दाम चुकीची नोंद घालून तो ओरडतो का, हे पाहा.

औंढ्याची वेधशाळा सुरू होईल तेव्हा तिला अशी सवय असलेली माणसं लागतील. ती हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत इथली असावीत असं वाटत असेल, तर शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून प्रत्येक मोजमाप दोन वेगळ्या साधनांनी घ्यायला यंदापासूनच लावा.