प्रादांचे घराणे आणि आमचा चर्मकार

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्रादा ह्या विख्यात पेढीने पुरुषांच्या उन्हाळी पोशाखांचे प्रदर्शन भरविले, आणि त्यात तरुणांच्या पायांत ज्या वहाणा दिसल्या त्या पाहून सारा महाराष्ट्र खडबडून जागा झाला. वहाण उघड उघड कोल्हापुरी घाटाची होती. पेढीने तिला नुसती चामड्याची सँडल म्हटले होते. कोल्हापूरचा उल्लेख नाही, भारताचाही नाही. मग काय विचारता! 'चोरी, चोरी' असा एकच गजर झाला. आम्हीही त्या गजरात सामील होतो. भोरास आम्हा चार सुशिक्षितांची सायंकाळची एक बैठक असते. तेथे संतापाची जी भाषणे झाली त्यांतले सर्वांत लांब आमचे होते. आज त्या भाषणाची आम्हास लाज वाटते. ती का वाटते हे वाचकांपुढे मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम पुढे काय झाले ते सांगतो. महाराष्ट्रातील व्यापारी संघाने पेढीस पत्र लिहिले. आपण भारतीय कारागिरांच्या परंपरेवरून स्फूर्ती घेतली, अशी कबुली पेढीने दिली. जुलैत तिची माणसे कोल्हापुरास येऊन कारागिरांच्या घरी बसली. त्याच महिन्यात काही वकिलांनी कारागिरांच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. ज्यांच्या नावे ह्या चपलेचे भौगोलिक मानांकन नोंदलेले आहे ते तुम्ही नव्हे, असे म्हणून न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक ह्या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी पेढीचा करार झाला. दोन हजार जोड आमच्या कारागिरांच्या हातून करून घ्यावयाचे आणि ते जगभर सुमारे ८०० युरोंस, म्हणजे ऐंशी हजार रुपयांहून अधिक किमतीस विकावयाचे, असे जाहीर झाले. 'जिंकलो!' म्हणून आमच्या बैठकीत पेढे वाटले गेले. आम्ही विचारतो, कोण जिंकले? आणि आपण कोणत्या लढाईत होतो?

ज्या पेढीस आपण चोर म्हटले तिचा इतिहास आपल्यांतील फारच थोड्यांनी वाचला असेल. १९१३ साली मारिओ प्रादा व त्याचा भाऊ मार्तिनो ह्यांनी मिलानमधील काचेच्या छपराखालच्या प्रसिद्ध पेठेत दुकान थाटले. पाटी होती 'प्रादा बंधू'. माल काय, तर चामड्याच्या पेट्या, पिशव्या आणि प्रवासाचे सामान. १९१९ मध्ये इटलीच्या राजघराण्याचे पुरवठादार हा मान त्यांस मिळाला. बायकांनी धंद्यात पडू नये, असे मारिओचे मत होते. परंतु मुलास त्या धंद्याची गोडी नव्हती. तेव्हा बापाच्या मागे दुकान सांभाळले ते कन्या लुइझा हिने, आणि जवळजवळ वीस वर्षे सांभाळले. १९७८ मध्ये सूत्रे गेली ती तिची कन्या मिउच्चा हिच्या हाती. ही बाई राज्यशास्त्र शिकलेली, मूकनाट्याची साधना केलेली, डाव्या विचारांच्या चळवळीत वावरलेली. चामड्याच्याच धंद्यातील पात्रिझिओ बेर्तेल्ली ह्याच्याशी तिने आधी व्यवहाराची आणि मग संसाराची भागी केली. १९८४ मध्ये तिने चामडे बाजूस ठेवून साध्या काळ्या नायलॉनची पाठपिशवी काढली, आणि तीच पुढे पेढीची ओळख झाली. २०११ मध्ये पेढीचे भाग हाँगकाँगच्या बाजारात आले, तरी सत्ता घरातच राहिली. २०२५ मध्ये तिने व्हर्साचे ही दुसरी इटालियन पेढी सव्वाशे कोटी युरोंस विकत घेतली. महाराष्ट्राच्या पत्रास ज्याने उत्तर दिले तो लोरेन्झो हा मिउच्चाचाच मुलगा. तरुणपणी तो मोटारींच्या शर्यतींत उतरत असे.

ह्यावरून आम्ही मिलानची आरती ओवाळीत आहो, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. घराण्याची पेढी म्हणजे सद्गुणांची खाण नव्हे. फ्लॉरेन्सच्या गुच्ची घराण्याने १९२१ साली असाच चामड्याच्या मालावर संसार मांडला. पुढे भाऊबंदकी इतकी माजली की १९९३ मध्ये घराण्यातील शेवटच्या भागीदाराने आपला भाग परक्यांस विकला, आणि १९९५ मध्ये त्याचा भर रस्त्यावर खून झाला, तोही त्याच्याच घटस्फोटित पत्नीच्या चिथावणीने. २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने आर्मानी व दिओर ह्या नामांकित पेढ्यांच्या उपकंपन्यांवर देखरेख बसविली. कारण त्यांचे काम घेणाऱ्या कारखान्यांत मजुरांची पिळवणूक चालत होती. तेव्हा तेथेही अंधार आहे. आम्हास त्या कथेतील एकच गोष्ट दाखवावयाची आहे, आणि ती पैशाची नाही.

ती गोष्ट ही की, प्रादांच्या मुलाने चामड्याचा धंदा नको म्हटले तेव्हा त्याची अब्रू गेली नाही. आणि प्रादांच्या शिकलेल्या नातीने तोच धंदा हाती घेतला तेव्हा तिचीही गेली नाही. बाहेर पडणाऱ्यास दार उघडे, आत येणाऱ्यासही उघडे. एवढ्या साध्या गोष्टीस घराणे म्हणतात. आमच्याकडे ह्या धंद्यातून बाहेर पडणाऱ्याच्या मागे त्याची जात धावते, आणि बाहेरचा कोणी आत येऊ पाहील तर लाज त्यास उंबऱ्यावरच अडविते. ज्या धंद्याची दोन्ही दारे अशी बंद, त्याचे घराणे होत नाही. त्याची जात होते.

कोणी म्हणेल, आमच्या देशात कारागिरीस घराणे मिळतच नाही, हा देशाचाच स्वभाव. हे खरे नव्हे. मिरजेस जा. तेथील शिकलगारांनी शस्त्रे घडविण्याचे सोडून तंबोरे व सतारी घडविल्या. फरीदसाहेबांचे नाव आज दीडशे वर्षांनंतरही गवई आदराने घेतात. म्हणजे हातास घट्टे पडलेल्या माणसाचे नाव स्मरणात ठेवण्याची शक्ती आमच्यात आहे. मग मिरजेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कोल्हापुरात ती कोठे जाते? कापशी ह्या गावाचे नाव एका चपलेस मिळाले, पण ती घडविणाऱ्या एकाही कर्त्याचे नाव आम्हा पदवीधरांपैकी कोणास सांगता यावयाचे नाही. तंबोरा मांडीवर येतो आणि वहाण पायाखाली जाते, एवढाच का तो फरक? की तंबोरा करणाऱ्यास शिवले तर स्नान करावे लागत नव्हते, हा?

आमच्या भाषेचीच साक्ष काढू. निरर्थक विचारपूस ह्या अर्थी 'चांभारचौकशी' हा शब्द आम्ही हसत हसत वापरतो. एका समाजाचे नाव घेऊन आम्ही चौकशीस नावे ठेवली, आणि त्या समाजाची चौकशी मात्र शेकडो वर्षे केली नाही.

आमच्या भोर-वेल्ह्याच्या मुलखातच पाहा. येथील डोंगरांत वहाणेवाचून चालणे म्हणजे पायांचे मातेरे करणे. राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या गावांत शेतकऱ्यास वहाण, मोट, नाडा, वादी ही सारी बलुतेदार चर्मकाराकडून मिळत. मोबदला म्हणजे खळ्यावरचे धान्य, आणि तेही दुरून. चामडे कमावण्यास लागणारा हिरडा ह्याच रानांत होतो. भोरास पंतसचिवांची गादी होती. वाड्यात जोडे घालणारे होते, अर्थात ते शिवणारेही होतेच. इटलीची राजसत्ता १९४६ मध्ये गेली. पण तिने दिलेले चिन्ह प्रादांच्या पेढीने आजतागायत टाकले नाही. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले; त्या दरबारची मुद्रा आपल्या आरी-रापीवर मिरविणारे एक तरी चर्मकाराचे घर कोणी दाखवील काय? मुद्रा तर राहोच, नाव तरी?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो ज्यांनी दुःख भोगले त्यांच्याकडून येतो. ते म्हणतात, हा धंदा म्हणजे जातीची बेडी. ती तुटत असेल तर तुटू द्या, तुम्ही वरिष्ठ लोक तिच्यावर कलेचा मुलामा चढवू नका. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. त्याच महाडास १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी लादलेली हीन कामे झुगारून देण्याचा उपदेश केला, आणि तो सर्वथा योग्य होता. चर्मकाराच्या पदवीधर मुलाने पुन्हा आरी हाती घ्यावी, असे सांगण्याचा अधिकार आम्हास नाही, कोणासच नाही. परंतु हा आक्षेप आमच्या म्हणण्यास छेद देत नाही, उलट पुष्टीच देतो. बेडी होती ती जन्माची, टाक्याची नव्हे. ज्याने टाका घातला त्याने तो सोडावा की धरावा हे तो ठरवील. आमच्यासारख्यांनी ठरवावयाचे ते एवढेच की, आपला मुलगा तो टाका शिकावयास गेला तर आपण काय करू. वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर मनातल्या मनात का होईना, पण खरे द्या.

दुसरा आक्षेप सरकारी आहे. भौगोलिक मानांकन मिळाले, मग झाले की काम! मानांकन २०१९ मध्ये मिळाले, हे खरे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांस ते लागू आहे. पण मानांकनाने संरक्षण मिळते ते स्थळाच्या नावास. माणसाचे नाव काय, हे ते विचारीत नाही. शिवाय पुणे जिल्हा त्यात नाही. नीरेचा पूल ओलांडून शिरवळास गेलेला चर्मकार कोल्हापुरी करू शकतो; अलीकडच्या तीरावर, भोर तालुक्यात, त्याच्याच भावाने त्याच हाताने केलेली वहाण कोल्हापुरी ठरत नाही. कायद्यास सीमा लागते, हे आम्ही जाणतो. परंतु तो कागद दाखवून आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्यांस नदीच्या दोन्ही तीरांवरचे घर सारखेच नाव नसलेले आहे, एवढे सांगणे भाग आहे. महाराष्ट्राच्या महामंडळाने २०२५ मध्ये चपलांस कारागिराची माहिती देणारा क्यूआर कोड जोडण्याची योजना पुढे आणली. ती सुबुद्धी स्तुत्यच. मात्र यंत्रास जे विचारता येते ते समोर बसलेल्या माणसास विचारावयास आमची जीभ का रेटत नाही?

तिसरा आक्षेप आमच्या बैठकीतला. 'ऐंशी हजारांची चप्पल म्हणजे निव्वळ श्रीमंती माज!' असेल. पण तीच चप्पल आमच्या पेठेत हजार रुपयांस मिळते तेव्हा आम्ही आठशेवर अडून बसतो, हा कसला माज? मिलानच्या पेढीने कोल्हापूरचे नाव गाळले म्हणून आम्ही संतापलो. तिला ते नाव निदान विचारून घेता आले असते, आणि पुढे तिने ते विचारलेही. आम्ही जन्मभर जे नाव गाळीत आलो ते तर आमच्या दारापासून दोनशे पावलांवर होते.

ही गोष्ट अलंकाराची नाही. भोरच्या बाजारात एक वृद्ध चर्मकार बसतात. वीस वर्षे आम्ही त्यांच्या हातच्या वहाणा घालतो. त्यांचा मुलगा आमच्याच वर्गात तीन वर्षे बसला. चांगल्या रीतीने पदवी मिळवून पुण्यास नोकरीस लागला. तो त्यांचा मुलगा, हे आम्हास त्या तीन वर्षांत कळले नाही, कारण त्याने सांगितले नाही. आणि त्याने ते का सांगितले नसावे, ह्याचा विचार आम्हास सुचला नाही. पेढे वाटल्यानंतर दोन दिवसांनी आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "बाबा, तुमचं नाव काय?"

त्यांनी हातातले काम थांबविले. आमच्या पायांकडे पाहिले. म्हणाले, "का सर, टाका उसवला का?"

आम्ही नाही म्हटले. तक्रार असल्याखेरीज कोणी नाव विचारीत नाही, असा त्यांचा आजवरचा अनुभव. मग त्यांनी नाव सांगितले. वडिलांचे सांगितले, आजोबांचे सांगितले. चार पिढ्या ह्याच बाजारात, असे म्हणाले. प्रादांच्या पेढीस एवढ्याच पिढ्या झाल्या आहेत. हा लेख लिहिणार असल्याचे सांगून, ती नावे छापू का, असे आम्ही विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "नको सर. पोराची नोकरी नवी आहे."

म्हणून ती नावे येथे नाहीत.