ओला रस्ता आणि बुटकी गाडी

आमच्या कुटुंबांत मोटारी पूर्वींहि आल्या; पण त्या माणसें बसविण्यासाठीं आल्या. गेल्या वर्षीं धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं जी गाडी दारांत आणून उभी केली तींत दोनच माणसें बसतात, आणि तींहि रस्त्यास टेकल्यासारखीं. 'स्पोर्ट्‌स कार' असें तिचें जातिनाम. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं तिच्या किमतीबद्दल बोलून घेतलें. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र कोणीं काढला नाहीं. रुंद टायर, नवे ब्रेक, मग भय कसलें, असा सर्वांचा, आणि कबूल करावयास हरकत नाहीं, आमचाहि समज होता.

आषाढांत मुरबाडास सत्यनारायणाचें बोलावणें आलें. मंडळी मोठ्या गाडीनें पुढें गेली. आम्ही चिरंजीवांबरोबर शहापुराहून निघालों. सापगांवापाशीं भातसा ओलांडली कीं रस्ता भातशेतांतून किन्हवली, सरळगांव असा मुरबाडकडे जातो. पाऊस उघडला होता, आवणी जोरांत चालली होती. किन्हवलीच्या अलीकडे एका वळणावर ट्रॅक्टरांनीं शेतांतून आणलेला चिखल पसरला होता. वेग ताशी 60 किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे त्या गाडीच्या मानानें रांगणेंच. मागचा भाग किंचित् सरकला. चिरंजीव दचकले व त्यांनीं पाय एकदम उचलला. तेवढें पुरलें. गाडी अर्धी गिरकी घेऊन रस्त्याच्या पलीकडच्या कडेस, बांधाला नाक लावून उभी राहिली. पांच हातांवर, प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर घेतलेल्या तीन शाळकरी मुली उभ्या होत्या. त्या किंचाळल्या नाहींत. नुसत्या पाहत राहिल्या. त्यांच्या त्या पाहण्यानेंच आम्हांस हा लेख लिहावयास लावलें आहे.

घडलें तें असें. मोटारीचा रस्त्याशीं संबंध येतो तो चार टायरांच्या तळव्यांशीं, प्रत्येकीं जेमतेम तळहाताएवढ्या जागेपुरता. वेग वाढविणें, थांबणें, वळणें या तिन्ही कामांचा खर्च त्या एकाच पकडींतून होतो, आणि पाण्यानें वा चिखलानें ती पकड मोठ्या प्रमाणांत घटते. इंजिन कितीहि बलाढ्य असो, ही शिल्लक त्यानें वाढत नाहीं. उलट ती उधळण्याची सोय मात्र होते. वळणांत पाय एकदम उचलला कीं भार पुढें झुकतो, मागचीं चाकें हलकीं होतात आणि शेपूट फिरतें. म्हणून वेग कमी करावयाचा तो वळणापूर्वीं, सरळ रस्त्यावर. वळणांत पायाचें व हाताचें प्रत्येक काम सावकाश. तरीहि शेपूट घसरलेंच तर ब्रेकवर पाय आपटूं नये; जिकडे जावयाचें तिकडे दृष्टि ठेवून, शेपूट ज्या बाजूस जाईल त्याच बाजूस स्टिअरिंग हळूच वळवावें. वाचून हें साधत नाहीं. मोकळ्या ओल्या पटांगणावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, अगदीं मंद वेगांत सराव करावा. ए. बी. एस. ही ब्रेक-योजना 2019 च्या एप्रिलपासून आपल्याकडे नव्या मोटारींस सक्तीची आहे. तिच्यामुळें चाकें जाम होत नाहींत व गाडी वळवितां येते. पण नसलेली पकड तीहि निर्माण करीत नाहीं.

रुंद टायरांचा अभिमान तर पावसांत उलटाच फळतो. टायर जितका रुंद तितकें अधिक पाणी त्याला बाजूस सारावें लागतें; तें सारणें जमलें नाहीं कीं चाक पाण्यावर तरंगूं लागतें आणि स्टिअरिंग हातांत असून नसल्यासारखें होतें. अमेरिकेंतील नासा संस्थेच्या संशोधकांनीं 1963 मध्यें विमानांच्या टायरांवरून याचें गणित मांडलें. त्या हिशेबानें टायरांत 32 पौंड हवा असतां ताशी सुमारें 94 किलोमीटरांस, आणि 25 पौंड असतां 83 लाच चाक तरंगूं शकतें. टायर झिजला असेल तर त्याहूनहि आधीं. आतां हें पाहा: शहापूर तालुक्यांतून जाणारा समृद्धि महामार्गाचा इगतपुरी–आमणें हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजीं खुला झाला. या महामार्गावर सपाटीच्या भागांत मोटारींस ताशी 120 ची मुभा आहे. ती मुभा आहे, आज्ञा नव्हे. मुसळधार पावसांत 60–70 हून अधिक जाऊं नये, असें आमचें मत. कायदा टायरची खांच 1.6 मिलिमीटरांपर्यंत झिजूं देतो. आम्ही म्हणूं, 3 वर आली कीं पावसाळ्यापूर्वींच टायर बदलावा. गाडीस एवढा खर्च करणाऱ्यांनीं येथें काटकसर करावी, हें आम्हांस कधींच उमगलें नाहीं.

परतीच्या वाटेवर सायंकाळीं पाऊस कोसळूं लागला. एका ओढ्याच्या फरशीवरून गढूळ पाणी वाहत होतें; फार नाहीं, वीतभर. "काका, जाईल सहज," चिरंजीव म्हणाले. पण या गाडीचें पोटच मुळीं वीतभर उंचीवर. पाणी हवेच्या वाटेनें इंजिनांत शिरलें तर तें दाबलें जात नाहीं, दट्ट्याचा दांडा वांकतो व इंजिन जागच्या जागीं निकामी होतें. आणि इंजिनाचें राहूं द्या, पाण्याखालीं रस्ता शिल्लक आहे कीं नाहीं हें गाडींत बसून कसें समजावें? 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरांत कोसळला, तेव्हां दोन एस्‌. टी. गाड्या उतारूंसह नदींत गेल्या. तेथें तर चालकांस विचार करावयासहि अवसर मिळाला नव्हता. आम्हांस तो होता.

"अरे, फिरव गाडी," आम्ही म्हणालों. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. मुरबाडास परतून आम्ही यजमानांकडे पुन्हां जेवलों. घरीं फोन केला तेव्हां वहिनींनीं एवढेंच विचारलें, "दोघेहि तिथेंच आहांत ना?"

सकाळीं पाणी उतरलें होतें. फरशीच्या डाव्या कडेचा दोन हातांचा तुकडा जागेवर नव्हता. चिरंजीव खालीं उतरून त्या खळग्याकडे बराच वेळ पाहत उभे होते. मग त्यांनीं उजव्या कडेनें, चालण्याच्या वेगानें, गाडी पलीकडे नेली.