घरातला संप

हा संप कामगारांचा नव्हे; मत्स्यालयाखालची पाणी गाळायची टाकी! लहानपणी मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिल्यापासून लेकीला खाऱ्या पाण्यातल्या माशांचं वेड. वाशिमला समुद्र कुठला? मीठही विकतचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. संप तिने जुन्या काचपेटीचा केला. पहिल्याच रात्री लाइट गेली, पंप थांबला, वरचं पाणी खाली उतरलं नि सतरंजी भिजली. "पोरीच्या जातीला कशाला हे उद्योग?" सासूबाई म्हणाल्या. नातवाला म्हणाल्या असत्या का? मी मात्र टाकी काढू दिली नाही. लेकीने परतीच्या नळीचं तोंड वर घेतलं, मुद्दाम पंप बंद करून उतरणारं पाणी मोजलं, तेवढी जागा संपात रिकामी सोडून नेलपॉलिशची रेघ मारली. उन्हाळ्यात पाणी आटलं की रेघेपर्यंत साधंच पाणी घालते. मीठ काही उडून जात नाही. परवा पुन्हा लाइट गेली. टॉर्च घेऊन आधी धावल्या त्या सासूबाईच.